जोमाशेठचं गोल बटण

"भाऊ, या गारीन बायकोचा आवाज येत नाय."

माझ्या दुकानात पाऊल टाकल्यावर जोमाशेठ बोलले ते पहिलं वाक्य हे. पनवेलला जुन्या हायवेलगत माझं दुकान आहे. गाड्यांचे स्टिरिओ, स्पीकर, सीट कव्हर, असलं सगळं. गिऱ्हाइकांच्या तक्रारी मला तोंडपाठ आहेत. आवाज फाटतो, आवाज एकाच बाजूनं येतो, खड्डा आला की गप्प होतो. गाडीत बायकोचा आवाज येत नाही ही तक्रार मात्र नवी होती. मी म्हणालो, "शेठ, एवढ्यासाठी तर लोक नवस बोलतात."

ते खदाखदा हसले. गळ्यातल्या टॉवेलनं डोळे पुसले. हसू ओसरलं तरी टॉवेल डोळ्यांवरून खाली आला नाही, तेव्हा मी उठलो आणि दोन चहा सांगितले.

जोमाशेठ या पावसाळ्यात गेले. मला दोन दिवसांनी कळलं. तेव्हापासून दुकानासमोर एखादी दुधी रंगाची जुनी व्हॅन थांबली की मान आपोआप वर होते. त्यांच्याबद्दल लिहावं इतके आमचे काही घरोब्याचे संबंध नव्हते. एका गाडीपुरती ओळख. पण माझ्या सगळ्या धंद्यात मी जे काही केलं, त्यातलं मनापासून केलेलं काम कोणतं, असं कोणी विचारलं तर मला ती एकच व्हॅन आठवते.

सत्तरी ओलांडलेला, उन्हानं रापून काळा झालेला माणूस. शर्ट मात्र पांढराशुभ्र, कडक इस्त्रीचा. तरुणपणी मिठागरावर कामाला होते. या बांधावरून त्या बांधावरच्या माणसाला हाका मारून गळा तयार झालेला, त्यामुळे त्यांनी माझ्या कानात सांगितलेली गोष्टही पलीकडच्या पानवाल्याला कळायची. पुढे जमीन विमानतळाला गेली, गावच उठून दुसरीकडे बसलं. भावांनी उंच उंच गाड्या घेतल्या. जोमाशेठच्या वाट्याचं काही घरात गेलं, उरलेलं बायकोच्या दवाखान्यात. हातात राहिली ती व्हॅन आणि नावापुढचं 'शेठ'. "ऱ्हाऊ दे," म्हणायचे, "शेठ बोलाला काय कर लागत नाय."

घासाघीस करण्यात पटाईत. पण त्यांची घासाघीस वेगळीच. मी भाव सांगितला की ते काही न बोलता माझ्याकडे बघत बसायचे, अगदी मायेनं. एखाद्या आजाऱ्याकडे बघावं तसं. त्या नजरेखाली मी आपणहून खाली यायचो. मग म्हणायचे, "बगा, तुमीच बोललाव. मी कं बोललू?"

एकदा काऊंटरवर वर्तमानपत्रात गुंडाळलेलं लांबलचक काहीतरी ठेवलं. मी समजलो, गाडीचा पार्ट. उघडून बघतो तर जिताडा! आमच्या रायगडात साहेबाकडून काम करून घ्यायचं तर जिताडा द्यायची रीत जुनी आहे. मी म्हणालो, "शेठ, आमच्या घरी मासे चालत नाहीत हो." ते खरोखर हळहळले. माशाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. कोणाची जास्त कीव आली ते त्यांनाच माहीत. म्हणाले, "खात नाय तं नका खाव. पन बगा तरी, कवरा झ्याक हाय." मग तो जिताडा पानवाल्याकडे गेला आणि मला आठवडाभर फुकट पान.

हे असं हसत-खेळत चालायचं. कामाची गोष्ट निघाली की मात्र चेहरा बदलायचा.

जोमाशेठची बायको धवलारीण होती. आगरी लग्नात भटजी असो वा नसो, धवलारीण लागते. ती धवले गाते, म्हणजे लग्नाची गाणी, पण नुसती गाणी नव्हेत. त्या गाण्यांनी ती देवांना आणि घरातल्या गेलेल्या माणसांना मांडवात बोलावते. ते येऊन बसले की लग्न लागलं. धवल्यांशिवाय झालेल्या लग्नाला जुनी माणसं अजून लग्न म्हणत नाहीत. या बाईंनी पनवेल-उरणच्या गावांतून आयुष्यभर लग्नं लावली. सासूकडून ऐकून शिकलेलं सगळं डोक्यात होतं, कागदावर एक अक्षर नाही. अख्खा तालुका त्यांना धवलारीण म्हणून ओळखायचा. जोमाशेठ नुसतं 'ती' म्हणायचे. त्यांच्या पिढीतले नवरे बायकोचं नाव घेत नाहीत. मीही कधी विचारलं नाही.

धवलारणीला लग्नाला नेणं आणि आणणं हे जोमाशेठचं काम. मांडवात बायकांचं राज्य. हे बाहेर व्हॅनपाशी बसून राहायचे. "मी डायवर," म्हणायचे, "साहेब आतमदी." एका हळदीला डीजेवाला गाणी थांबवेना. धवलारीण हात जोडून उभी आणि याच्या भिंतीएवढ्या डब्यांचा धुडगूस चालूच. जोमाशेठ उठले, जनरेटरपाशी गेले, वायर उपटली आणि तिथेच टॉवेल अंथरून मांडी घालून बसले. पोरं अंगावर धावून आली. हे हलेनात. "धवला झाला का उठतंव," एवढंच बोलले. धवला झाला आणि ते खरंच उठले, वायर पुन्हा जोडून दिली. वर डीजेवाल्याला म्हणाले, "आता वाजव बाबा. द्येव जेवाला बसलं."

मग धवलारणीच्या घशात काहीतरी निघालं. मुंबईला नेलं. जीव वाचला, पण आवाजाची पेटीच काढावी लागली. गळ्यावर पांढरा रुमाल बांधून बाई घरी आल्या त्या मुक्या होऊन. नवऱ्याला हाक मारायची तर बांगडी पत्र्यावर आपटायच्या.

हे सगळं जोमाशेठनी मला त्या पहिल्याच दिवशी सांगितलं. शेवटी म्हणाले, "भाऊ, एक बोलू? लग्नाला जाताना ती गारीन माज्या बाजूला बसायची. व्हट हालवायची. आतल्या आत उजलनी करायची, आवाज नाय. आता दवाखान्यातून आनली तवा बी तशीच बसली. व्हट हालतान, आवाज नाय. मना वाटला, लग्नालाच चाललंव."

मी विचारलं, "मग आता काय करायचं, शेठ?"

प्रश्न होता नातीच्या लग्नाचा. नात प्राची, खारघरला नोकरीला. लग्न ठरलं होतं, दिवाळीनंतरचं. पोरीनं घरात सांगून टाकलं होतं, माझं लग्न आजीच लावणार, नाहीतर मी कोर्टात जाऊन सही करते. घरच्यांनी समजावलं, दुसरी धवलारीण आणू. पोरगी ऐकेना. आणि ही गोष्ट कानावर गेल्यापासून धवलारीण जेवण टाकून भिंतीकडे तोंड करून बसायला लागली होती. जन्मभर जगाची लग्नं लावली, आणि घरच्या नातीच्या मांडवात आपण मुक्यानं बसायचं, हे त्यांना सोसत नव्हतं.

जोमाशेठच्या मोबाइलमध्ये एक रेकॉर्डिंग होतं. कर्नाळ्याच्या पलीकडच्या एका गावातल्या लग्नाचं, मांडवाच्या कनातीआडून हात लांब करून घेतलेलं. सगळे धवले, पहिल्यापासून शेवटपर्यंत. त्यांची योजना अशी, की लग्नाच्या दिवशी व्हॅन मांडवाला लावायची, दारं उघडायची आणि धवले गाडीतून वाजवायचे. बाई मांडवातल्या तांदळाच्या चौकापाशी बसून हातानं सगळं करतील. "हात तिचं, आवाज बी तिचा," म्हणाले. "गारी फकस्त मदी."

मी विचारलं, डीजेच्या डब्यांवरून का नाही वाजवत?

"ज्यांनी तिचा आवाज दाबला, त्यांच्यातूनच काडू?"

ते खरं होतं. पण व्हॅनमध्येही तोच प्रकार झाला होता. रेकॉर्डिंग नीट ऐकू येईना म्हणून पुतण्यानं सल्ला दिला होता, काका, मोठा बास टाका. आमच्या भागात कुठल्याही दुखण्यावर हेच औषध. मागच्या सीटखाली पिंपाएवढी बास ट्यूब बसवून दिली. जोमाशेठनी ती माझ्यासमोर वाजवली तेव्हा पानवाल्याच्या काचा थरथरल्या. लग्नातला डीजे दणदणत होता, कुठलं तरी पोर रडत होतं, कोणीतरी ओरडून विचारत होतं, बर्फ आला का. आणि या सगळ्याच्या तळाशी, विहिरीतून यावा तसा, एका बाईचा आवाज असल्यासारखा वाटत होता.

स्वस्तात आवाज सुधारायचा तर माझा एक नियम आहे. आधी काढायचं, मग घालायचं. लोकांना हे पटत नाही, त्यांना काहीतरी नवीन चकचकीत बसवलेलं दिसायला हवं असतं. जोमाशेठना लगेच पटलं. बास ट्यूब काढून एका टेम्पोवाल्याला विकली, त्या पैशात पुढच्या दोन दारांचे स्पीकर बसले. व्हॅनची दारं म्हणजे रिकामे डबे. आवाज स्पीकरमधून कमी आणि पत्र्यातून जास्त यायचा. ती उघडून भोकं बुजवली, पत्र्याला आतून जाड डांबरी शीट चिकटवली. अपघातात गेलेल्या एका गाडीचा छोटा अॅम्प्लिफायर माझ्याकडे पडून होता, तो लावला. बास जवळजवळ बंद, आणि बाईचा गळा जिथे लागतो तेवढीच पट्टी वर घेतली.

पण ऐकून बघणं हे एक दिव्यच होतं. धवलारणीचा कायदा होता, लग्न नसेल तर धवला गायचा नाही. त्यांनी घरी स्वयंपाक करताना कधी एक ओळ गुणगुणली नव्हती. देवांना हाक मारली, ते आले, आणि घरात लग्नच नाही, तर ते बसतील कुठे? मग रेकॉर्डिंग वाजवायचं कसं? जोमाशेठनी यावर तोड काढली. ते माझ्या दुकानातल्या कॅलेंडरवर बघून फक्त लग्नाच्या मुहूर्ताच्या दिवशी यायचे. "आज कुटं ना कुटं लगीन हायच," म्हणायचे. "द्येव तिकरं जातील. हितं फसायचं नाय." मुहूर्त नसलेल्या दिवशी मी कितीही काम करून ठेवलं तरी धवला वाजायचा नाही. मी म्हणायचो, "शेठ, उद्या ऐकू की." ते म्हणायचे, "घाई पावन्याला आसते. घरच्याला नाय."

मुहूर्ताच्या दिवशी मात्र सकाळीच हजर. स्टिअरिंगपुढे बसून कधी ऐकलं नाही. डावीकडच्या सीटवर बसायचे, चप्पल काढून पाय बाहेर सोडायचे. धवलारणीची जागा ती. तिथे तिला जसं ऐकू येईल तसंच त्यांना ऐकायचं होतं. डोळे मिटून बसायचे आणि मधेच एक बोट वर करायचे. "ती बग. आली."

आणि खरंच, ती येत होती. दर खेपेला थोडी वर. आधी नुसता सूर कळला, मग श्वास कुठे घेते ते कळलं, मग शब्द सुटे झाले. डीजे मागे गेला. बर्फवाला राहिला, पण तो आता आमचाच माणूस झाला होता. एके दिवशी एक ओळ लख्ख ऐकू आली, "या गो या, वाटंच्या देवांनू, दारी मांडव घातला." जोमाशेठनी सीटवर बसल्या बसल्या माझा हात धरला. इतका घट्ट धरला की मला दुसऱ्या हातानं आवाज बंद करावा लागला.

पावसाळ्याआधीच्या शेवटच्या मुहूर्ताला ते धवलारणीला घेऊन आले.

मी त्यांना पहिल्यांदाच बघत होतो. लहानखुरी बाई, लुगडं, कपाळावर आडवं कुंकू, गळ्याला रुमाल. माझ्याकडे बघून मान हलवली आणि आपल्या जागेवर बसल्या. जोमाशेठ नव्या नवऱ्यासारखे लाजून बाजूला उभे. शर्ट नवा होता. त्यांनी मोबाइल लावला.

स्वतःचा आवाज बाहेरून त्यांनी कधी ऐकलाच नव्हता. पहिल्या ओळीला त्या दचकल्या, मागे वळून बघितलं, जणू मागच्या सीटवर कोणी बसलं आहे. मग ओळखलं. हात हळूच गळ्यावरच्या रुमालाकडे गेला आणि तिथेच राहिला. ओठ हलायला लागले. ओठ आणि आवाज यांचा मेळ इतका बरोबर बसला की क्षणभर त्या बाईच गात आहेत असं वाटलं. जोमाशेठ माझ्याकडे वळून बघत होते, डोळ्यांत पाणी, आणि तोंडभर हसू.

एकाएकी बांगडी पत्र्यावर आपटली. खाड खाड खाड.

जोमाशेठनी मोबाइल थांबवला. बाईंनी हातानं खूण केली, मागे घे. पुन्हा वाजवलं. त्याच जागी पुन्हा बांगडी. त्यांनी कानाला हात लावला, बोट मोबाइलकडे केलं आणि मान जोरजोरात हलवली. आम्ही दोघं कान देऊन ऐकायला लागलो. आवाज चांगलाच सुधारला होता. आता प्रत्येक शब्द कळत होता.

नावं होती ती. नवरीचं नाव, नवऱ्याचं नाव. आणि पुढे त्या घरातल्या गेलेल्या माणसांची नावं, एकेक करून, आणि प्रत्येक नावानंतर, "मांडवाला ये, मांडवाला ये."

धवल्यात ज्याचं लग्न त्याची नावं. ज्याचं घर त्याचे पूर्वज. हे रेकॉर्डिंग कर्नाळ्यापलीकडच्या घरातलं. ते प्राचीच्या मांडवात वाजवलं तर लग्न लागणार दुसऱ्याच पोरीचं, आणि येऊन बसणार दुसऱ्याच घरातले मेलेले. आवाज वाईट होता तोवर नावं गाळात बुडालेली होती. आम्ही दोघांनी मिळून ती वर काढली होती.

धवलारीण जन्मभर ज्या मांडवात गायली, त्या मांडवाबाहेर हा माणूस बसून होता. त्यानं आवाज ऐकला, शब्द कधी ऐकले नाहीत. जोमाशेठ फुटपाथवरच बसले. "मना कसा कललं नाय," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होते. मला त्या वेळी त्यांच्याकडे बघवलं नाही. बाई गाडीतून उतरल्या, त्यांच्या शेजारी फुटपाथवर बसल्या आणि त्यांच्या पाठीवर हात फिरवत राहिल्या. त्या वेळी बाईंना बोलता यायला हवं होतं असं मला फार वाटलं.

मी मनात म्हटलं, संपलं. पण दोन-तीन दिवसांनी जोमाशेठ हजर. मुहूर्त नसताना.

"भाऊ, मना गोल बटन पायजे."

मी नवा स्टिरिओ दाखवला. त्याला आवाज कमी-जास्त करायला टोचायची बटणं. ते नको म्हणाले. "टोचायचा नाय. नलासारका पायजे. हलू सोराचा, हलू बंद कराचा." योजना अशी होती, की नावाची जागा आली की बटण फिरवून बाईचा आवाज खाली घ्यायचा, त्या जागेत आपल्या घरातलं नाव स्वतः घ्यायचं, आणि लगेच आवाज वर. नाव यांचं, हाक तिची. धवला पुरुषानं गायचा नसतो, म्हणून घाबरत घाबरत बायकोला विचारलं होतं. तिनं बराच विचार करून तोंडासमोर हात आडवा हलवला, आणि मग दोन्ही तळवे तोंडाभोवती धरून दाखवले. गायचं नाही. हाक मारायची.

"हाक माराला मना कोन शिकवल?" जोमाशेठ म्हणाले. पहिल्या दिवसानंतर ते प्रथमच तसे हसले.

माझ्याकडच्या जुन्या भंगार मालात एक स्टिरिओ होता, गोल बटणाचा. सगळी दुनिया जुनं काढून नवं बसवते, मी नवं काढून जुनं बसवलं.

एकच अडचण होती. रेकॉर्डिंगमधल्या घरात गेलेल्यांची नावं जास्त होती. जोमाशेठच्या घरातली नावं संपली तरी शेवटी एक जागा उरत होती. "तितं काय बोलू?" त्यांनी बायकोला विचारलं होतं. "तिनी नुसता हात क्येला. थांब, आसा." मलाही तो हात करून दाखवला. मी म्हणालो, "त्या जागी खोका शेठ, कोणाला कळणार आहे?"

मग चातुर्मास लागला. मुहूर्त बंद. आवाज काढायचा नाही, आणि सराव तर करायला हवा. जोमाशेठ व्हॅन माझ्या दुकानासमोर लावायचे, डाव्या सीटवर बसायचे, मोबाइल पूर्ण मुका करून रेकॉर्डिंग लावायचे आणि पडद्यावरच्या सेकंदांवर नजर ठेवून बटण फिरवायचे. पाऊस धो धो कोसळतोय, काचेआड हा माणूस बसलाय, हात बटणावर, ओठ हलतात, आवाज नाही. पानवाल्यानं एकदा मला विचारलं, शेठचं डोकं ठीक आहे ना? मी त्याला तडकून बोललो.

गणपती गेले आणि ते यायचे थांबले. फोन उचलेनात. शेठनी कधीतरी दिलेल्या नंबरवर प्राचीला फोन केला तेव्हा कळलं. दुखणं उलटलं होतं. आजी गेली.

मी भेटायला गेलो. नव्या गावठाणातलं दुमजली घर, अंगणात व्हॅन. जोमाशेठ ओटीवर बसले होते. मीच काहीबाही बोलत राहिलो. निघताना मात्र म्हणाले, "लगीन थांबवाचा नाय, आसा हात करून गेली ती. वरसाच्या आत."

मार्गशीर्षात लग्न होतं. त्याआधी ते एकदाच आले. बटण फिरवताना खरखर होते म्हणाले. मी बटण उघडून पुसून दिलं. चहा न घेता गेले.

लग्नाला मी मुद्दाम लवकर गेलो. उतरती उन्हं. दुधी व्हॅन धुऊन, झेंडूची माळ घालून मांडवाला लागून उभी होती, सगळी दारं उघडी. चौकापाशी धवलारणीच्या जागी त्यांच्या जोडीला गाणारी म्हातारी बसली होती, तांदळाचं सूप घेऊन. डीजेवाला आपले डबे बंद करून लांब उभा होता. या वेळी जनरेटरपाशी कोणाला बसावं लागलं नाही. जोमाशेठ डाव्या सीटवर, चप्पल काढून, पाय बाहेर.

धवले सुरू झाले. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. बोलावणाऱ्या बाईला पोचवून सगळ्या आलेल्या, आणि ती बोलावत होती. देवांना बोलावून झालं. मग नवरीची जागा आली. आवाज खाली गेला, आणि मिठागरावरची ती हाक उठली, "प्राची!" आवाज वर आला. नवऱ्याचं नाव. बरोबर जागेवर. कुठे तसूभरही चूक नाही. पावसाळाभर मुक्यानं केलेला सराव होता तो.

मग पूर्वज आले. मी गाडीला टेकून उभा होतो.

"हाशा!" हा आजा. बटण वर. "मांडवाला ये, मांडवाला ये."

"पोशा!" बाप. "मांडवाला ये."

"गोमाबाय!" आई. "मांडवाला ये."

"बालाराम!" पाठचा भाऊ. "मांडवाला ये."

नावं संपली. ती उरलेली जागा आली. जोमाशेठनी बटण खाली घेतलं. मला वाटलं, आता खोकतील. ते खोकले नाहीत. समोरच्या बायका वाट बघत राहिल्या. मग ते सीटवरून उतरून अनवाणी उभे राहिले, एक हात आत बटणावर तसाच ठेवून, आणि आयुष्यात कधी न घेतलेलं नाव त्यांनी भरल्या मांडवात घेतलं.

"मथुरा."

हाक मारली नाही, हळूच म्हणाले. पण त्या गळ्याचं हळू म्हणणंही शेवटच्या रांगेपर्यंत गेलं. मग त्यांनी बटण फिरवलं, पार शेवटपर्यंत. दोन्ही दारांतून धवलारीण मोठ्यानं म्हणाली, "मांडवाला ये."

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते तसं. त्यांचा हात बटणावरच होता, आणि चेहरा त्या डाव्या सीटकडे.